हिवाळ्यांत ओस पडलेलीं मोहोळें

मधमाशी ही उद्योगी, काटकसरी आणि शिस्तीची म्हणून आमच्याकडे काय किंवा पाश्चात्त्यांकडे काय, शाळेंतील मुलांपुढें नेहमींच उभी करण्यांत येते. तिच्या मरणाचा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाहीं. वास्तविक थंड मुलखांतील मधुपालाला तिच्या उद्योगापेक्षां तिच्या मरणाचाच हिशेब अधिक काळजीनें ठेवावा लागतो. शरद ऋतूच्या अखेरीस पेट्या बंद करावयाच्या, चारपांच महिने त्यांना हात न लावतां वाट पाहात बसावयाचें, आणि वसंतांतील पहिल्या उबदार दिवशीं झांकणें उघडून किती मोहोळें जिवंत राहिलीं व किती मेलीं हें मोजावयाचें, हा त्याचा वार्षिक शिरस्ता आहे. ह्या मोजणींत ज्या वर्षीं मेलेल्यांचा आंकडा फार मोठा निघतो, त्या वर्षीं कारणांचा शोध सुरू होतो. आणि कारण सांपडलें नाहीं तर निदान एखादें नांव तरी सांपडतें. अशा नांवांपैकीं सर्वांत गाजलेलें नांव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील एका लहान बेटाचें आहे. त्याची हकीकत सांगण्यापूर्वीं थोडी प्रस्तावना करणें भाग आहे.

हिवाळा हा माशांचा वैरी कसा, हें आमच्या वाचकांस सहज पटणार नाहीं. आमच्याकडे माशीचा पडता काळ पावसाळ्याचा. महाबळेश्वरच्या रानांत सातेरी माशीला हिवाळ्यांत व उन्हाळ्याच्या आरंभीं फुलांची ददात नसते. आषाढ-श्रावणांतील संततधारेंत मात्र तिला पेटीबाहेर पडणेंही कठीण होतें, आणि तिचा मालक जाणता असला तर तो साखरेचा पाक पाजून तिला जगवितो. युरोपांतील माशीला हीच उपासमार कडाक्याच्या थंडीबरोबर सोसावी लागते, आणि कांहीं ठिकाणीं ती जवळजवळ अर्धें वर्ष टिकते.

कित्येक कीटक थंडींत बधिर होऊन पडून राहतात. मधमाशी तसें करीत नाहीं. ती जागी राहते. हवा थंड झाली कीं मोहोळांतील सर्व माशा पोळ्यांच्या फटींतून एकमेकींस बिलगून एक गोळा करतात. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील फिलिप्स आणि डेमुथ ह्या दोघां संशोधकांनीं पेट्यांत विजेचीं तपमापकें बसवून हा प्रकार मोजला व आपले निष्कर्ष १९१४ सालीं प्रसिद्ध केले. पेटींतील उष्णता ५७ अंश फॅरनहाइटच्या आसपास उतरली कीं गोळा बांधला जातो, असें त्यांना आढळलें. बाहेरच्या थरांतील माशा डोकीं आंत करून दाटीनें बसतात आणि त्यांच्याच अंगाचें पांघरूण होतें. आंतल्या माशा पंख न हालवितां पंखांचे स्नायू तेवढे थरथरवीत राहतात आणि त्यांतून ऊब निर्माण होते. ह्या शेगडीचें सरपण म्हणजे उन्हाळ्यांत सांठविलेला मध. कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत एका मोहोळाला वीस किलो किंवा त्याहूनही अधिक मध लागतो. तो संपला, अथवा शेजारच्या पोळ्यांत असूनही थंडीमुळें गोळ्याला तेथवर सरकतां आलें नाहीं, तर सारें मोहोळ एका रात्रींत गतप्राण होतें.

दुसरी एक गोष्ट आमच्या मतें ह्याहून महत्त्वाची आहे. उन्हाळ्यांतील कामकरी माशी पांचसहा आठवडे जगते; परंतु भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास जन्मलेली माशी पांचसहा महिने जगते. तिच्या उदरांतील मेदाचा सांठा अधिक असतो, तिला पिलें पोसावीं लागत नाहींत, आणि वसंतांत राणी पुन्हां अंडीं घालूं लागेपर्यंत सगळा संसार तिलाच रेटावयाचा असतो. म्हणजे हिवाळ्यांत मोहोळ तरेल कीं नाहीं ह्याचा निकाल हिवाळ्यांत लागत नाहीं. तो शरदाच्या आरंभीं, ही दीर्घायुषी पिढी पाळण्यांत असतांनाच, बहुतांशीं लागून गेलेला असतो. मार्चमध्यें झांकण उघडून मेलेल्या माशांचा ढीग पाहणारा मधुपाल साहजिकच फेब्रुवारीच्या बर्फाला दोष देतो. गुन्हा मागच्या ऑगस्टांत घडलेला असतो.

इतकें असूनही, हिवाळ्यांत मोहोळें मरणें ही एक आपत्ति आहे, ही कल्पना फारशी जुनी नाहीं. आयर्लंडच्या जुन्या बखरींत इ. स. ९५० व ९९२ सालीं माशांची मोठी मर झाल्याच्या नोंदी आहेत, हें खरें. पण सामान्य वर्षीं मोहोळें मारण्याचें काम मधुपाल स्वतःच करी. युरोपांत शतकानुशतकें माशा गवताच्या विणलेल्या टोपल्यांत पाळीत आणि पोळें मोडल्यावांचून टोपलींतील मध हातीं येत नसे. म्हणून शरद ऋतूंत प्रत्येक टोपली उचलून तिचें वजन अजमावीत. जड टोपलींत मध भरपूर, म्हणून ती मारावयाची. हलकी टोपली हिवाळा काढणार नाहीं, म्हणून तीही मारावयाची. मधल्या वजनाच्या तेवढ्या पुढील सालाच्या बियाण्यासाठीं राखावयाच्या. जमिनींत खळगा करून त्यांत गंधक पेटवीत आणि त्यावर टोपली ठेवीत. अशा हिशेबांत हिवाळ्यानें आणखी चार टोपल्या नेल्या तर त्याचें कोणास विशेष वाटत नसे.

१८५१ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं लँगस्ट्रॉथ नांवाच्या पाद्र्यानें हा सर्व व्यवहार उलटा केला. दोन पोळ्यांमध्यें, किंवा पोळें आणि पेटीची भिंत ह्यांमध्यें, सुमारें तीन-अष्टमांश इंच जागा मोकळी ठेवली तर माशा ती मेणानें अगर डिंकानें बुजवीत नाहींत, एवढीच साधी गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. तिच्या आधारें त्यानें उचलतां येणाऱ्या चौकटींची पेटी केली आणि १८५२ सालीं तिचें पेटंट घेतलें. मोहोळ न मोडतां मध काढतां येऊं लागला. साहजिकच मोहोळ ही एका हंगामाची लूट न राहतां मालकाची मिळकत झाली, आणि मिळकत म्हटली कीं तिच्या नाशाची नोंद आलीच. १८६८ सालीं केंटकी प्रांतांत मधानें भरलेल्या पेट्या ओस पडल्याचें, आणि १९०३ सालीं युटामधील कॅश खोऱ्यांत कडक हिवाळा व थंड वसंत ह्यांनंतर दोन हजार मोहोळें नाहींशीं झाल्याचें नमूद आहे.

आतां वाइट बेटाकडे वळूं. १९०४ सालाच्या सुमारास ह्या बेटावरील मधुपालांना एक विलक्षण दृश्य दिसूं लागलें. पेटीच्या तोंडाशीं माशा बाहेर येत, परंतु त्यांना उडतां येत नसे. त्या जमिनीवर सरपटत जात, गवताच्या काड्यांवर चढून तेथेंच घोळका करून बसत आणि मरून पडत. कित्येकींचें पोट फुगलेलें असे, पंख वेडेवांकडे पसरलेले असत. पेटींत मध असे, राणी असे, थोड्या माशाही असत; पण मोहोळ हिवाळ्यांतून वांचत नसे. १९०६-०७ पर्यंत बेटावरील बहुतेक मधुपालांचा धंदा बसला, आणि लवकरच समुद्रापलीकडे मुख्य भूमीवरही तीच लक्षणें दिसत असल्याच्या वार्ता आल्या. पुढील दहाबारा वर्षांत इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड ह्या तिन्ही देशांत ज्या कोणाचीं मोहोळें मेलीं, त्यानें तीं 'वाइट बेटाच्या रोगानें' मेलीं असेंच सांगितलें. उपासमारीनें मेलेलीं, राणीवांचून मेलेलीं, हगवणीनें मेलेलीं, सगळीं त्या एकाच खातीं जमा झालीं. वर्तमानपत्रांतून जंतुनाशक औषधांच्या जाहिराती झळकल्या. ज्या शेतमजुराच्या अंगणांतील चार पेट्यांचा मध विकून घरभाड्याची भर होत असे, त्याची ती मिळकत गेली. पण ह्या प्रकरणाच्या कागदपत्रांत त्याच्याविषयीं फार थोडें आढळतें.

सरकारनें चौकशीसाठीं पहिला मनुष्य पाठविला तो ए. डी. इम्स. १९०७ सालीं त्यानें आपला अहवाल दिला. रोगाचें वर्णन नीट केलें, परंतु कारण त्याला सांगतां आलें नाहीं आणि सांगतां येत नाहीं हेंही त्यानें लपविलें नाहीं. हाच इम्स पुढें अलाहाबादेस जीवशास्त्राचा अध्यापक आणि नंतर डेहराडून येथें जंगल खात्यांत कीटकशास्त्रज्ञ म्हणून होता. त्याचा कीटकशास्त्रावरील मोठा ग्रंथ १९२५ सालीं निघाला. त्याच्यामागून केंब्रिजच्या विद्वानांनीं हें काम हातीं घेतलें. मध्यंतरीं १९०९ सालीं जर्मनींतील झांडर ह्यानें माशीच्या आंतड्यांत वाढणारा 'नोसेमा' नांवाचा सूक्ष्म परोपजीवी वर्णिला होता. तोच हा अपराधी, असा केंब्रिजकरांनीं १९१२ सालीं निर्णय दिला. निर्णय सोयीचा होता. अडचण एवढीच कीं, पुष्कळशा रोगी माशांत नोसेमा सांपडत नसे आणि पुष्कळशा धडधाकट माशांत तो हमखास सांपडे. १९१६ सालीं स्कॉटलंडमधील अँडरसन आणि रेनी ह्या दोघांनीं ही विसंगति उघडपणें मांडली.

ह्याच सुमाराची एक हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. डेव्हन परगण्यांत बकफास्ट नांवाचा ख्रिस्ती मठ आहे. तेथें १९१० सालीं जर्मनीहून एक अकरा वर्षांचा मुलगा आला. पुढें तो ब्रदर अ‍ॅडम ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाला. प्रकृति नाजूक, म्हणून त्याला बांधकामावरून काढून १९१५ सालीं माशांच्या कामावर दिलें. त्याच हिवाळ्यांत मठाच्या सेहेचाळीस मोहोळांपैकीं तीस मेलीं. सोळा उरलीं. त्या सोळांकडे त्यानें नीट पाहिलें. इंग्लंडची जुनी काळी माशी ज्या पेट्यांत होती त्या सर्व ओस पडल्या होत्या. जीं मोहोळें वांचलीं त्यांच्या राण्या इटलीच्या वंशाच्या अगर त्या वंशाशीं संकर झालेल्या होत्या. शास्त्रज्ञ मेलेल्या माशांचीं आंतडीं तपाशीत असतां ह्या सतरा वर्षांच्या मुलानें जिवंत माशांचें कुळ तपासलें, ह्यांतच आम्हांस त्याची खरी बुद्धिमत्ता दिसते. १९१९ सालीं मठाचा मधुपालनाचा सर्व कारभार त्याच्याकडे आला आणि पुढें सत्तर वर्षांहून अधिक काळ त्यानें रोगाला न जुमानणारी माशी निपजविण्याचाच ध्यास घेतला.

इकडे अ‍ॅबर्डीन येथें रेनीचें संशोधन चालूच होतें. वूड नांवाच्या एका धनिक मधुपालानें त्यासाठीं पैसा पुरविला होता. रेनी, व्हाइट आणि कुमारी एल्सी हार्वे ह्यांनीं रोगी माशीच्या छातींतील श्वासनलिका उघडून पाहिल्या, तेव्हां त्या काळवंडलेल्या असून त्यांत कोळीवर्गांतील अत्यंत बारीक परोपजीवी गर्दी करून राहिलेले आढळले. १९२१ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला आणि देणगीदाराच्या नांवावरून त्या जीवाच्या शास्त्रीय नांवांत 'वूडी' हें पद आलें. (दानशूराचें नांव अजरामर करण्याची ही रीत आमच्याकडील धनिकांस कितपत रुचेल, ह्याची आम्हांस शंका आहे.) ह्या जीवाची लांबी मिलिमीटरच्या षष्ठांशाएवढीही नाहीं. तो कोवळ्या माशीच्या श्वासनलिकेंत शिरतो, तेथेंच अंडीं घालतो आणि नळीची भिंत भेदून रक्तरस शोषतो. उन्हाळ्यांतील अल्पायुषी माशींत त्याची वीण फार वाढावयास अवधि मिळत नाहीं. हिवाळ्यांतील दीर्घायुषी माशींत मात्र तो मुक्त हस्तानें वाढतो. शोधाची कीर्ति एवढी झाली कीं, १९२२ सालीं अमेरिकेनें परदेशांतून माशा आणण्यावर कायद्यानें बंधन घातलें.

येथें प्रकरण संपलें असें चाळीस वर्षें सर्वांनीं मानलें. परंतु हर्टफर्डशायरमधील रॉथॅम्स्टेड येथील प्रयोगशाळेंत लेस्ली बेली नांवाचा एक चिकित्सक मनुष्य होता. त्याला असें आढळलें कीं, श्वासनलिकेंत हे जीव असलेल्या माशा खुशाल उडतात. त्यांचें आयुष्य थोडें कमी होतें इतकेंच. सरपटणें, थरथरणें, गवतावर घोळका करणें हीं लक्षणें त्यांच्यामुळें होत नाहींत. मग तीं कशानें? १९६३ सालीं बेलीनें व त्याच्या सहकाऱ्यांनीं माशींतील जुनाट पक्षाघाताचा विषाणु वेगळा काढला आणि त्यानें आजारी केलेल्या माशांत नेमकीं तींच लक्षणें दिसलीं. १९६४ सालीं त्यानें वाइट बेटाच्या रोगावर एक निबंध लिहिला आणि त्याला सरळ 'दंतकथा' म्हटलें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: असा एखादा स्वतंत्र रोग कधीं नव्हताच. फुलांच्या मानानें मोहोळें फार झालीं होतीं, कांहीं हंगाम वाईट गेले, पक्षाघाताचा विषाणु होता, नोसेमा होता, श्वासनलिकेंतील जीवही होता. आणि पंधरा वर्षांतील नाना कारणांचीं मरणें एका नांवाखालीं गोळा केल्यामुळें त्यांची एक महामारी तयार झाली.

बेलीचा हा युक्तिवाद वाचतांना मन प्रसन्न होतें, तरी तो जसाच्या तसा मान्य करावयास आम्ही तयार नाहीं. १९८४ सालीं हाच श्वासनलिकेंतील जीव मेक्सिकोमार्गें अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत शिरला, आणि पुढील कांहीं हिवाळ्यांत तेथील मोहोळांची त्यानें धूळधाण केली. बेलीनें ज्या इंग्लिश माशांवर प्रयोग केले, त्या १९२० पूर्वींच्या हिवाळ्यांतून तावून सुलाखून निघालेल्या माशांच्या नाती-पणत्या होत्या; त्यांना हा जीव सोसतो ह्यावरून त्यांच्या पूर्वजांनाही तो सोसत होता असें कसें म्हणावें? बेलीनें एककारणवाद मोडला, हें त्याचें श्रेय मोठें आहे. त्या भरांत त्यानें एका साथीदार गुन्हेगाराला थोडें अधिक स्वस्तांत सोडलें.

आणखी एका बाबतींत त्या काळचा निर्णय उतावळा ठरला. ब्रिटनची काळी माशी समूळ नष्ट झाली असें जाहीर झालें होतें. ब्रदर अ‍ॅडमही जन्मभर तसेंच सांगत राहिला. परंतु तिच्या वंशजांचे समूह ब्रिटन व आयर्लंडमध्यें टिकून असल्याचें अलीकडील आनुवंशिक परीक्षांवरून सिद्ध झालें आहे.

आतां हा योगायोग पाहा. ज्या १९०४ सालाच्या सुमारास वाइट बेटावर माशा सरपटूं लागल्या, त्याच सालीं जावा बेटांतील माशांवर आढळलेल्या एका तांबूस परोपजीवीचें वर्णन डच शास्त्रज्ञ औडेमान्स ह्यानें प्रसिद्ध केलें आणि त्याला 'व्हॅरोआ' हें नांव दिलें. तो ज्या जातीच्या माशीवर होता, ती म्हणजे आमचीच सातेरी. सातेरीचें आणि त्या वर्गाच्या जीवांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें साहचर्य आहे. ती त्यांना अंगावरून झाडून काढते आणि ते बहुधा नरांच्या पाळण्यांतच वाढूं शकतात. पुढें युरोपांतील माशी पूर्वेकडे नेण्यांत आली आणि एका जातीवरील जीव दुसरीवर गेला. हा जीव म्हणजे व्हॅरोआची एक वेगळीच जात आहे, हें २००० सालीं अँडरसन व ट्रूमन ह्यांनीं दाखविलें आणि तिला 'विध्वंसक' अशा अर्थाचें नांव दिलें. नांव अन्वर्थक आहे. १९८७ सालीं ती अमेरिकेंत व १९९२ सालीं इंग्लंडांत पोहोंचली; इंग्लंडांत ती प्रथम सांपडली ती डेव्हन परगण्यांत, ब्रदर अ‍ॅडमच्याच मुलखांत. त्या वेळीं तो त्र्याण्णव वर्षांचा होता. व्हॅरोआ माशीच्या मेदावर जगते आणि पंख विद्रूप करणारा विषाणु पसरविते. म्हणजे हिवाळी पिढीची जी शिदोरी, तिच्यावरच हा घाला. ऑगस्टांत तिचा बंदोबस्त झाला नाहीं तर जानेवारींत पेटी ओस पडते.

२००६ च्या नोव्हेंबरांत डेव्हिड हॅकनबर्ग ह्या अमेरिकन मधुपालानें फ्लोरिडांत आपल्या चारशें पेट्या उघडल्या, तेव्हां बहुतेकांत माशाच नव्हत्या. मध होता, पिलें होतीं, प्रेतेंही नव्हतीं. लगेच ह्या प्रकाराला एक नवें भारदस्त नांव मिळालें, आणि त्या हिवाळ्यांत अमेरिकेंत मेलेलीं सुमारें एकतृतीयांश मोहोळें लोकांच्या बोलण्यांत त्या एका नांवाखालीं गेलीं. विमानांतील फवारे, नवीं कीटकनाशकें, एवढेंच काय पण खिशांतील टेलिफोनदेखील आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे राहिले. कीटकनाशकांविरुद्धचा पुरावा पुढें भक्कम झाला. टेलिफोनविरुद्धचा झाला नाहीं. मधुपालांनीं स्वतः जीं कारणें पुढें सांगितलीं, त्यांत व्हॅरोआ, वाईट राण्या आणि उपासमार हींच वारंवार आलीं. २०२४-२५ च्या हिवाळ्यांत तर अमेरिकेंतील मोठ्या धंदेवाईकांचीं निम्म्याहून अधिक मोहोळें गेलीं. मेलेल्या मोहोळांत विषाणु सांपडले, आणि तपासलेली व्हॅरोआ ज्या औषधावर सर्वांची भिस्त होती त्याला दाद देईनाशी झालेली आढळली. कॅलिफोर्नियांतील बदामाच्या बागांना दर फेब्रुवारींत लाखों पेट्या लागतात, त्यामुळें हा तोटा एकट्या मधुपालाचा राहात नाहीं. तो दर वर्षीं उरलेलीं मोहोळें दुभागून, नव्या राण्या विकत घेऊन पेट्यांची संख्या पूर्ववत् करतो. म्हणून सरकारी आंकड्यांत मोहोळें कमी झालेलीं दिसत नाहींत आणि मधुपालाचें कर्ज मात्र वाढत जातें.

ह्या सर्व हिशेबांत एक बाजू बहुधा कोरी राहते: मनुष्याचा हात न लागलेल्या मोहोळांचें काय होतें? न्यूयॉर्क संस्थानांत कॉर्नेल विद्यापीठाचें आर्नट नांवाचें जंगल आहे. तेथील झाडांच्या ढोलींतील मोहोळांचा अभ्यास टॉमस सीली ह्यानें १९७० नंतरच्या दशकांत केला, तेव्हां त्याला आढळलें कीं, नव्या ढोलींत वस्ती केलेल्या चार मोहोळांपैकीं सुमारें एकच पहिला हिवाळा पार पाडतें. परंतु एकदां तो पार पडला कीं पुढच्या हिवाळ्यांत दर पांचांपैकीं जवळजवळ चार टिकतात. ही व्हॅरोआपूर्वींची गोष्ट. व्हॅरोआ आल्यावर तीं सर्व मेलीं असतील अशा समजुतीनें तो २००२ सालीं पुन्हां त्या जंगलांत गेला. ढोलींतून माशा पूर्वींइतक्याच दाट होत्या, आणि त्यांच्या अंगावर व्हॅरोआही होती. पुढें जुन्या संग्रहांतील माशांशीं त्यांची आनुवंशिक तुलना करण्यांत आली, तेव्हां मधल्या काळांत बहुतेक मातृवंश नाहींसे होऊन थोडक्याच राण्यांच्या संततीनें जंगल पुन्हां भरल्याचें दिसून आलें. त्या थोडक्या राण्या ज्या हिवाळ्यांतून गेल्या, त्यांत त्यांना पाक पाजावयास किंवा मेलेल्यांची मोजदाद करावयास तेथें कोणी नव्हतें.